‘स्फोटक धाव’ म्हणवत नाही. मग काय म्हणायचं?

स्टेट कॉलेजवासी:
मंडळी, एक शब्द अडलाय. आमच्या गावात (पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज, होय, गावाचंच नाव तसं आहे) शरदातल्या शनिवारी पेन स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलपलीकडे काही घडत नाही. स्टेडियममध्ये लाखावर माणूस बसतो. २०२३ च्या मोसमात आई साताऱ्याहून आली होती. उमेदीत खो-खो खेळलेली बाई. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, एवढं सांगितलं आणि ती टीव्हीला चिकटली.

पेन स्टेटचा चेंडू घेऊन पळणारा गडी निकोलस सिंगलटन चेंडू पोटाशी धरून घुसायचा. तीन यार्ड आणि वर माणसांचा ढीग. पुन्हा घुसायचा. चार यार्ड, ढीग. पाचसहा वेळा हे झाल्यावर आई म्हणाली, “उंबरा ओलांडतोय, पण ओसरीवरच आडवा होतोय. अंगणात कधी जायचा?”

समालोचक ज्याला ‘एक्स्प्लोझिव्ह रन’ म्हणतात ते नेमकं हे अंगण. कोणी दहा यार्डांच्या वरच्या पळाला ते नाव देतं, कोणी बाराच्या, कोणी पंधराच्या. मराठीत काय म्हणावं? ‘स्फोटक धाव’ लिहून पाहिलं आणि पुसून टाकलं.

शुद्धलेखनवाली:
पुसलंत ते बरं केलंत. ‘स्फोटक’ला माझी हरकत नाही, आपल्याकडे स्फोटक फलंदाज असतात, स्फोटक खेळीही असते. अडचण ‘धाव’ची आहे. क्रिकेटने तो शब्द कायमचा भाड्याने घेतलाय. ‘सिंगलटनने ८७ यार्डांची धाव घेतली’ हे वाचताना मन आधी धावफलकाकडे जातं. ‘पळ’ म्हणावं तर ‘पळ काढला’ आठवतं. ‘दौड’ घ्या. घोडदौडीतला वेग त्यात आहे आणि क्रिकेटचा वास नाही.

जुना बातमीदार:
क्रीडापानाचा तयार शब्द ‘मुसंडी’. ‘जोरदार मुसंडी मारली’ की काम झालं.

शुद्धलेखनवाली:
काका, तुमच्या पानावर गुणतक्त्यातही मुसंडी, निवडणुकीतही मुसंडी आणि शेअर बाजारातही मुसंडीच. शिवाय मुसंडीत खाली मान घालून घुसणं आहे. ते तर हा पोरगा दर खेपेला करतोय! तीन यार्डांचीही मुसंडीच असते. घुसल्यानंतर मोकळं सुटणं त्या शब्दात कुठे आहे?

जुना बातमीदार:
मान्य. माघार.

आकडेमोडे:
शब्दाआधी दुखणं बघू. २०२२ मध्ये, पहिल्याच वर्षी, सिंगलटनने १५६ वेळा चेंडू नेला आणि १,०६१ यार्ड काढले, म्हणजे दर खेपेला ६.८. पुढच्या वर्षी १७१ वेळा नेऊन ७५२. सरासरी ४.४. पंधरा खेपा जास्त आणि तीनशे नऊ यार्ड कमी.

आता कोणी म्हणेल की पहिल्या वर्षीचा आकडा एका घबाडाने फुगलाय. २ जानेवारी २०२३ ला रोझ बोल या मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात युटाविरुद्ध त्याने एकाच दमात ८७ यार्ड मारले होते (सामना ३५-२१ असा जिंकला). ते ८७ वजा करून पाहिले. १५५ खेपांत ९७४, तरी सरासरी ६.३ उरते. म्हणजे घबाड एकटं नव्हतं, मधल्या चणीच्या पंधरा-वीस यार्डांच्या दौडीही होत्या. २०२३ मध्ये त्याच आटल्या.

सरासरी फसवते ती इथेच. दहा खेपांत २, २, ३, ३, ३, ४, ४, ४, ५ आणि एकदा ६० निघाले, तर सरासरी ९ आणि मध्यक साडेतीन. शेवटचे साठ काढून तिथे चार लिहा, सरासरी साडेतीनाच्या खाली येते. मध्यक तिथेच. संघ नऊ वेळा अगदी तसाच खेळलाय! ‘धावून खेळायला जमत नाही’ आणि ‘लांबचं जमत नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांना शब्दही दोन हवेत. पहिल्या कामाला मी ‘मजल’ म्हणेन. मजल दरमजल करत जायचं, चार-चार यार्ड. दुसऱ्याला ‘पल्ला’. लांब पल्ल्याची गाडी असते तसा लांब पल्ला.

शुद्धलेखनवाली:
मजल आणि पल्ला ही जोडी झकास आहे. पण ‘मजल मारली’ म्हटलं की मराठी माणसाला लांबच वाटतं, ‘उपांत्य फेरीपर्यंत मजल’. ‘मजल दरमजल’ अख्खं वापरलं तरच हळूहळूचा अर्थ निघतो.

खानदेशी:
चार-चार यार्डांनी काय बिघडतं पण? थेंबे थेंबे तळं साचेलच की.

आकडेमोडे:
शंभर यार्डांच्या मैदानात आपल्या पंचवीसच्या रेषेवरून सुरुवात झाली तर पंच्याहत्तर यार्ड तोडायचे. चाराने एकोणीस खेपा. एकोणीस खेपांत कोणी कोणाचा सदरा ओढणार नाही, कोणाच्या हातून चेंडू सुटणार नाही, हे घडायचं कसं? दहा यार्डांचा एक दंड बसला की तळं गळतं. त्याच वर्षीच्या ओहायो स्टेटच्या सामन्यात (२०-१२ हरले) पेन स्टेटवाले तिसऱ्या प्रयत्नावर सोळा वेळा उभे राहिले आणि दहा यार्ड पुरे करणं जमलं फक्त एकदा.

लाल मातीतला:
तुम्ही सगळे शहरात वाढलात. हा आट्यापाट्यांचा खेळ आहे.

मैदानावर एकामागे एक पाट्या आखलेल्या. प्रत्येक पाटीवर एक गडी हात पसरून आडवा. पहिली कपाळपाटी, शेवटची लोणपाटी. कपाळपाटी हुलकावणी देऊन ओलांडली की पोरं ओरडायची, पण जाणता माणूस तेव्हा दुसऱ्या पाटीवरच्या गड्याचे पाय बघायचा. तो ज्या बाजूला झुकलाय त्याच बाजूला तुम्ही शिरलात, तर कपाळपाटी फोडून उपयोग शून्य. कोंडीत सापडलात.

अमेरिकन फुटबॉलात अशा तीन पाट्या धरा. पुढे धटिंगणांची रांग, त्यामागे लाइनबॅकर, सगळ्यात मागे सेफ्टी. तुमच्या पेन स्टेटची कपाळपाटी फुटत होती. रांगेत डावीकडे अडवणारा (डावा टॅकल) ओलु फशानू तर पुढल्या वर्षी व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत पहिल्याच फेरीत गेला, म्हणजे रांग काही मरतुकडी नव्हती. पण पहिल्या गड्याला रेटून झाल्यावर दुसरा कोणी तिथून सुटून लाइनबॅकरच्या अंगावर जायला हवा, आणि तो अर्धा पाऊल उशिरा पोचला की तीन यार्ड. लांब दौड चेंडूवाला एकटा काढत नाही. बाहेरच्या बाजूला जे चेंडू झेलायला उभे असतात त्यांनीही आपापला माणूस अडवून धरायचा असतो. ते हात झटकून बघत राहिले, तर बारा यार्डांची दौड बाराचीच राहते, साठची होत नाही.

म्हणून माझा शब्द: ‘दुसरी पाटी फुटत नाही’.

शुद्धलेखनवाली:
काय सुंदर! एकच शंका. आट्यापाट्यांत गडी आपली पाटी सोडत नाही. लाइनबॅकर तर धावत अंगावर येतो.

लाल मातीतला:
येतो ना. उपमा तिथे लंगडते. तशी सगळ्या पाट्यांना मधून छेदणारी सूरपाटीही इथे नाही.

स्टेट कॉलेजवासी:
तिसऱ्या पाटीचं मी सांगतो, कारण २०२३ चं खरं दुखणं तिथे होतं असं मला वाटतं. लांबचा पास झेलणारे धड नव्हते, पास फेकणारा क्वार्टरबॅक ड्रू अॅलर, त्याचं पहिलंच पूर्ण वर्ष. डोक्यावरून पास जाण्याची भीतीच नसेल तर शेवटच्या पाटीवरचा सेफ्टी मागे कशाला थांबेल? तो खुशाल पुढे येऊन दुसऱ्या पाटीवर उभा राहायचा. अडवणारे सात, अंगावर येणारे आठ. एक मोकळा राहणारच, आणि सिंगलटन नेमका त्याच्या हातात. मिशिगनकडून २४-१५ असं हरल्यावर दुसऱ्याच दिवशी आक्रमणाचे प्रशिक्षक माइक युरसिच यांना नारळ दिला.

२०२४ मध्ये अँडी कोटेलनिकी आले. टायलर वॉरन या टाइट एंडला (अडवतोही आणि झेलतोही असा गडी) त्यांनी कुठेही उभं केलं, त्याने १०४ झेल घेतले. शेवटच्या पाटीवरचे गडी त्याच्याकडे बघू लागले आणि सिंगलटनने १७२ खेपांत १,०९९ यार्ड काढले. आदल्या वर्षीपेक्षा खेप फक्त एक जास्त. जोडीदार केट्रॉन अॅलनही हजारावर गेला.

खानदेशी:
पुढच्या रांगेत जी फट पडते तिला ‘खिंड’ म्हणू या? पावनखिंडीसारखी?

शुद्धलेखनवाली:
अजिबात नको. मराठीत खिंड बचाव करणाऱ्याची असते, खिंड *लढवतात*. हल्ला करणारा तटाला *खिंडार* पाडतो. एका ‘आर’ने बाजू बदलते.

स्टेट कॉलेजवासी:
हे आईला फोनवर वाचून दाखवलं. खिंडार तिला पसंत, ‘पल्ला’ पुस्तकी वाटला. ‘दुसरी पाटी फुटत नाही’ म्हटल्यावर दोन सेकंद गप्प आणि मग, “तेच तर सांगत होते. ओसरी म्हणजे दुसरी पाटीच की.”

जुना बातमीदार:
मथळा मिळाला. ‘कपाळ पाटी फुटली, लोण पाटी दूरच’.

शुद्धलेखनवाली:
कपाळपाटी. एकच शब्द, जोडून. लोणपाटीही.