रस्ते-वाहतूक संशोधनाची तयारी : मराठवाड्यातल्या जाणत्यांचे अनुभव

सिव्हिलची पदवी झाली, पुढं वाहतूक अभियांत्रिकीत संशोधन करायचंय. मग हाताला कोणती कामं माहीत असावीत? लॅबमध्ये आणि रस्त्यावर वावरलेल्यांनी लिहावं.

माती लॅब, नांदेड
आपल्याकडं सुरुवात काळ्या मातीनंच होते. फ्री स्वेलसाठी, म्हणजे माती पाण्यात किती फुगते ते बघायला, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम घ्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. काचेच्या कांडीनं हलवून हवा काढा आणि २४ तासांनी मातीचं आकारमान वाचा. पाण्यात १८ मिलिलिटर, रॉकेलात १२ आलं तर फुगवटा ५० टक्के.

सीबीआरला (कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो, रस्त्याखालच्या मातीची ताकद मोजायची चाचणी) खरी चूक पाणी मिसळताना होते. भारी माती पाणी सावकाश पिते. लगेच साच्यात ठोकली तर ढेकळं आतून कोरडीच राहतात आणि आकडा फसवा निघतो. पाणी मिसळून रात्रभर झाकून ठेवा, मग ठोका. त्यानंतर ९६ तास भिजवण, वर वजनं, फुगवटा मोजायला डायल गेज (तबकडीचं मोजमापयंत्र). मग मातीत दट्ट्या दाबायचा, त्याचा वेग मिनिटाला १.२५ मिमी. दट्ट्या ५ मिमी आत गेल्यावरचा सीबीआर २.५ मिमीच्या सीबीआरपेक्षा जास्त आला तर चाचणी पुन्हा करा; पुन्हा तसंच आलं तर ५ मिमीचा धरा.

वाहतूक गणना, धाराशिव
आयआरसी ९ (इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक) प्रमाणं गणना सलग ७ दिवस, रोज २४ तास, वर्षातून दोनदा. त्यातली एक सुगीत. सात दिवस कशाला, तर आठवडी बाजार आणि मोंढ्याचा दिवस त्यात यावा म्हणून. कंटाळून तीन दिवसांत आटोपू नका. आयआरसी ६४ मध्ये बैलगाडी ८ पीसीयू (म्हणजे ८ मोटारींइतकी), ट्रॅक्टर-ट्रेलर ४.५. उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतील तर रकाना वेगळा ठेवा, कारण त्याची लांबी आणि चढावरचा वेग दोन्ही निराळे. संशोधनाचा विषय अशाच रकान्यातून निघतो!

आसभार सर्वेक्षण, लातूर
नुसते ट्रक मोजून भागत नाही, प्रत्येक आसावर (अ‍ॅक्सलवर) किती वजन येतं तेही मोजावं लागतं. रस्त्याचं नुकसान साधारण भाराच्या चौथ्या घातानं वाढतं. ८० किलोन्यूटनच्या आसावर २० टक्के जास्त भार पडला की ते दुपटीच्या वर जातं. साखर कारखान्याकडं गाड्या भरून जातात, रिकाम्या परततात, म्हणून दोन्ही दिशांचं वजन वेगळं नोंदवा. वजनाचे पॅड उतारावर ठेवले तर भार एका चाकाकडं झुकतो.

प्रवेश आणि बायोडेटा, छत्रपती संभाजीनगर
गेटचा (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) स्कोअर ३ वर्षं चालतो. एम.टेक.ला एनआयटीसाठी सीसीएमटी ही सामायिक प्रवेशप्रक्रिया, आयआयटीसाठी त्या-त्या संस्थेचा अर्ज आणि मग सीओएपी, म्हणजे जागा स्वीकारायचं सामायिक पोर्टल. दोन्हींच्या तारखा वेगळ्या, एकीच्या नादात दुसरी चुकते. बायोडेटात ‘सीबीआर केला’ एवढंच लिहू नका. नमुने किती, कोणत्या खोलीचे, भिजवलेले की नाही, हे लिहा. मुलाखतीत पहिले प्रश्न त्यावरच येतात.