भिडस्त माणसाने स्वतःच्या कादंबरीसाठी वर्गणी कशी मागावी?

घाटपायथा (प्रश्न)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी रात्री दहानंतर एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत होतो. दिवसा मी एका सहकारी बँकेच्या लेखा विभागात काम करतो. तेथे आकड्यांशी बोलावे लागते, माणसांशी फारसे नाही, आणि त्या नोकरीतील मला सर्वांत आवडणारी गोष्ट तीच आहे. दोन प्रकाशकांनी हस्तलिखित सौजन्याने परत केले. मराठीत असल्या पुस्तकाला गिऱ्हाईक कोण, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. म्हणून शेवटी एका संकेतस्थळावर लोकवर्गणीची मोहीम सुरू केली.

हिशेब असा आहे. डेमी आकाराची ३८४ पाने, म्हणजे सोळा पानांचे २४ फॉर्म, ५०० प्रतींची छपाई व बांधणी ९५,०००, मुखपृष्ठ आणि आतील नकाशा २८,०००, संपादन व मुद्रितशोधन २५,०००, टपाल ३०,०००, किरकोळ २,०००. एकूण १,८०,००० रुपये. ४५ दिवसांत पूर्ण रक्कम जमली नाही, तर सर्वांचे पैसे परत जातात, असा नियम आहे. आज १९ वा दिवस आहे. ७१ जणांकडून ५५,८०० रुपये, म्हणजे ३१ टक्के, जमले आहेत. परंतु त्यांतील बहुतेक पहिल्या आठवड्यातले आहेत आणि गेल्या नऊ दिवसांत केवळ चार नवे लोक आले. ७१ पैकी पन्नासेक जण नातेवाईक किंवा सहकारी आहेत. त्यांनी पैसे पुस्तकाला दिलेले नाहीत, मला दिले आहेत, याची मला पुरेपूर जाणीव आहे.

अडचण माझ्या स्वभावाची आहे. मला मागता येत नाही. चुलतभावाच्या लग्नात मामांनी माझ्या हातात माईक देऊन 'आता आमचे लेखक दोन शब्द बोलतील' असे जाहीर केले, तेव्हा मी जेवणाची व्यवस्था उत्तम झाल्याचे सांगून खाली बसलो. व्हॉट्सअॅपवर एक संदेश तयार करून दोनशे जणांच्या प्रसारण यादीला (ब्रॉडकास्ट लिस्ट) पाठवला, त्यावर सहा अंगठे आले. थेट प्रक्षेपण करणे, रील तयार करणे हे माझ्याच्याने होईल असे वाटत नाही. एका जाहिरात करून देणाऱ्या गृहस्थांनी पाच हजार रुपयांत दहा हजार वाचकांपर्यंत पुस्तक पोहोचवण्याची हमी दिली आहे. मेहुण्यांचे म्हणणे असे, की मी मुळात किकस्टार्टर या परदेशी लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर जायला हवे होते, कारण तिकडे अशा कादंबऱ्यांना कोट्यवधी मिळतात.

उरलेल्या २६ दिवसांत माझ्यासारख्याने नेमके काय करावे? मोहिमेच्या पानावरील मजकूर खाली चिकटवत आहे.

'आदिम शक्तींच्या संघर्षाची, प्रेमाची, त्यागाची आणि आत्मशोधाची ही महागाथा वाचकाला एका अनोख्या विश्वात घेऊन जाते. मराठी साहित्यात प्रथमच असा भव्य प्रयोग होत आहे. प्राचीन काळी नाणेघाटाच्या माथ्यावर जकात म्हणून नाण्यांऐवजी प्रत्येक प्रवाशाची एक आठवण घेतली जात असे. त्या जकातीचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाची ही कथा आहे. या ऐतिहासिक प्रवासात सहभागी व्हा.'

---

रोखठोक

भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. तुम्ही भीक मागत नसून एक वस्तू आगाऊ विकत आहात, आणि हा व्यवहार मराठीला नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग विकले, वर्गणीदार मिळवण्यासाठी माणसांचे उंबरठे झिजवले आणि २३ खंड पुरे करून दाखवले. त्यांच्यासारख्या विद्वानाला त्यात कमीपणा वाटला नाही, तर तुम्हाला का वाटावा?

आता व्यवहाराचे. पाच हजारांत दहा हजार वाचकांची हमी देणाऱ्या गृहस्थांना नम्रपणे नकार द्या. ज्यांनी तुमचे नाव ऐकलेले नाही, अशा दहा हजार लोकांच्या डोळ्यांसमोरून एक चित्र सरकवणे हे काम कोणीही करू शकतो; त्यांतून एकही प्रत खपेल याची हमी ते देणार नाहीत. मागून पाहा.

प्रसारण यादीबद्दल एक तांत्रिक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. त्या यादीतून पाठवलेला संदेश, ज्यांनी तुमचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यांनाच पोहोचतो. तुम्ही स्वतःच सांगता त्या स्वभावाच्या माणसाचा क्रमांक दोनशेंपैकी किती जणांनी जतन केला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. तेव्हा सहा अंगठे म्हणजे लोकांनी पाठ फिरवली असा अर्थ काढू नका. पुष्कळांना संदेश मिळालाच नसेल.

मधले दिवस कोरडे जातात, हेही अशा मोहिमांचे नेहमीचे आहे. आरंभी ओळखीचे लोक येतात, अखेरच्या आठवड्यात मुदत संपत आल्यामुळे रेंगाळलेले येतात. या मधल्या काळात घाबरून मोहीम सोडून देणारे अधिक असतात. उठा, आणि रोज दहा जणांना फोन करा.

---

दूरदेशी

वरील उत्तरातील शेवटचे वाक्य सोडून बाकी सर्व मान्य. ज्या माणसाला फोन उचलतानाच घाम फुटतो, त्याच्या आवाजातला संकोच पलीकडच्याला ऐकू येतो, आणि मग तो पुस्तकासाठी होकार देत नाही, तर तुमची सुटका करण्यासाठी देतो. तुम्ही सहा वर्षे लिहू शकलात. तेव्हा तुमचे हत्यार लेखणी आहे, तेच वापरा.

मी गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहतो आणि तेथे २०११ मध्ये सुरू झालेल्या अनबाउंड या प्रकाशनसंस्थेच्या काही पुस्तकांना आगाऊ पैसे दिले आहेत. वाचकांच्या वर्गणीतून पुस्तके काढणे हाच तिचा मार्ग होता. तिच्या एका कादंबरीचा २०१४ च्या बुकर पारितोषिकाच्या लांब यादीत समावेशही झाला. मी ज्या लेखकांना पैसे दिले, त्यांतील एकाचेही भाषण मी ऐकलेले नाही. त्यांनी मधूनमधून लिहिलेली पत्रे वाचून दिले: एखादे प्रकरण का अडले, नकाशातली नदी उलटी का वाहत होती, संपादकाने कोणते लाडके पात्र काढायला लावले. पुढे मार्च २०२५ मध्ये ती संस्था आर्थिक अडचणीमुळे प्रशासकांच्या हाती गेली, आणि पैसे दिलेल्या वाचकाला काय वाटते हे तेव्हा मला उमगले. म्हणून एक आग्रहाची सूचना: रक्कम कोणाकडे राहते, छपाईचे दरपत्रक कोणत्या तारखेचे आहे आणि उशीर झाला तर काय, हे पानावर स्वच्छ लिहा. तुम्ही लेखा विभागातले आहात. वर जो हिशेब आम्हाला दिला आहे, तो वर्गणीदारांना का दिलेला नाही? मला तर तुमच्या त्या हिशेबानेच अधिक विश्वास वाटला.

मेहुण्यांना सांगा, की किकस्टार्टरवर मोहीम काढण्यासाठी ठरावीक देशांतील रहिवासी असावे लागते आणि भारत त्या यादीत नाही. कोट्यवधींचे उदाहरण म्हणतात ते बहुधा अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे अमेरिकी लेखक ब्रँडन सँडरसन यांचे असावे. २०२२ मध्ये चार कादंबऱ्यांसाठी त्यांना ४ कोटी १७ लाख डॉलर मिळाले, हे खरे आहे. परंतु त्यांची पहिली कादंबरी २००५ मध्ये आलेली होती, आणि मधली सतरा वर्षे त्यांनी वाचक जमवण्यात घालवली होती. पहिल्या कादंबरीच्या लेखकाने त्या आकड्याकडे पाहूच नये.

आता तुमच्या मजकुराबद्दल, थोडे कठोर. 'महागाथा', 'आत्मशोध', 'अनोखे विश्व' हे शब्द कोणत्याही पुस्तकाला चिकटतील. या सगळ्या भरताडाखाली तुम्ही जकातीच्या कारकुनाला गाडून टाकले आहे. घाट उतरण्यासाठी एक आठवण द्यावी लागते, हे वाक्य वाचून मी थांबलो. मी कोणती दिली असती, असा विचार करत बसलो. ते वाक्य पहिले हवे. 'प्रथमच' हा शब्द तर काढाच. मराठी कादंबरीच्या अगदी आरंभीच्या काळात, १८६० च्या दशकातच, अद्भुतरम्य कथानके लिहिली गेली आहेत आणि हे जाणणारा वाचक तेथेच पान बंद करील.

---

निवृत्त ग्रंथपाल

मी एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात अनेक वर्षे होते, त्यामुळे माझे बोलणे जुन्या वळणाचे वाटेल. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांची यादी छापलेली असे: नाव, गाव आणि किती प्रती घेतल्या ते. कोणी संस्थानिक पंचवीस प्रती घेई, कोणी शाळामास्तर एक. आमच्याकडच्या एका जीर्ण पुस्तकातील अशा यादीत आपल्या पणजोबांचे नाव शोधायला एक आजोबा दरवर्षी येत असत. पुस्तक त्यांनी कधी वाचले नाही. आपण वर्गणीदारांची नावे गावासह छापणार असाल, तर ते पानावर ठळकपणे सांगावे. नसाल, तर छापावीत. त्याला खर्च एका पानाचा, आणि आपल्याला कोणापुढे उभे राहून बोलावे लागत नाही.

दुसरे, आपले वाचक कोण, हा प्रकाशकांचा प्रश्न होता ना? आपल्या कादंबरीतच त्याचे उत्तर आहे. नाणेघाटाच्या माथ्यावरचा तो दगडी रांजण दरवर्षी हजारो लोक पाहतात, त्यात जकातीची नाणी टाकत असे ऐकतात, छायाचित्र काढतात आणि परत येतात. जुन्नरची पेठ आणि कोकणातली बंदरे यांना जोडणारी ही सातवाहनकालीन वाट; लेण्यात नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख, त्यात यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेचे आकडे. आकडे कोरलेल्या त्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर जकातीचा हिशेब ठेवणारा कारकून आपल्याला सुचला, तो कसा, यावर हजार शब्दांचा एक लेख लिहा. त्यात जे इतिहासात आहे ते आणि जे आपण कल्पिले ते वेगवेगळे सांगा, कारण दुर्गप्रेमी मंडळी त्याबाबत फार काटेकोर असतात. तो लेख गिर्यारोहकांच्या मंडळांना, जुन्नर परिसरातल्या स्थानिक अंकांना पाठवा. पुस्तकाचा उल्लेख शेवटी, एका ओळीत.

ग्रंथालयांकडे मात्र आत्ता जाऊ नका. शासनमान्य ग्रंथालयांना खरेदी अनुदानाच्या वेळापत्रकाने करावी लागते आणि न छापलेल्या पुस्तकासाठी आगाऊ पैसे देणे ग्रंथपालाला हिशेबात बसवता येत नाही. पुस्तक हाती आल्यावर एक प्रत घेऊन जा. ग्रंथपाल बहुतेक आपल्यासारखेच अबोल असतात, आपले जमेल.

टपालाचे ३०,००० कोणत्या दराने धरले आहेत? नोंदणीकृत बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. जुन्या आठवणीवर हिशेब केला असेल, तर आताच सुधारा.

---

घाटपायथा

सर्वांचे आभार. टपालाचा हिशेब मी प्रतीमागे ६० रुपये धरून केला होता. आता पुस्तकाचे कोरे बाड बांधून टपाल कार्यालयात प्रत्यक्ष वजन करून आणले. जवळच्या गावांना ती रक्कम पुरते, लांबच्या पत्त्यांना पुरत नाही. वाढीव खर्च मी स्वतः सोसणार आहे आणि तसे पानावर लिहिले आहे. संपूर्ण हिशेबही लावला आहे, दरपत्रकाच्या तारखेसह.

फोन केले नाहीत. सहा संध्याकाळी मिळून ४० पत्रे लिहिली, प्रत्येक वेगळे. ज्याला लिहायचे, त्याचा आणि माझा एखादा प्रसंग आठवून तेवढाच आरंभी घेतला. आश्चर्य असे, की हे करताना संकोच वाटला नाही. कारकुनाचे प्रकरण लिहिताना वाटत होते तसेच वाटले. चाळीसांपैकी १७ जणांनी प्रत नोंदवली. एका जुन्या शिक्षकांनी 'मला असल्या गोष्टी आवडत नाहीत, परंतु पत्र छान आहे' असे कळवले. लेखही लिहिला आणि एका गिर्यारोहण मंडळाने तो आपल्या सभासदांना पाठवला. त्यातून चार जण आले. त्या चौघांपैकी एकही मला ओळखत नाही, हे लिहिताना मला काय वाटते ते नीट सांगता येणार नाही.

आज २६ वा दिवस आहे. ९२ जण, ६८,४०० रुपये, ३८ टक्के. अजून फार लांब आहे. पुढच्या पत्रांचा शेवट असा करतो आहे, कृपया पाहावा: 'आपल्याला त्रास देत आहे याबद्दल क्षमस्व. जमल्यास एक प्रत नोंदवावी, न जमल्यास काहीच हरकत नाही, आपण मनावर घेऊ नये.'

---

रोखठोक

क्षमस्व कशाबद्दल? काढून टाका. 'न जमल्यास हरकत नाही' हेही काढा. त्यांना ते ठाऊक आहे. 'एक प्रत नोंदवावी. मुदत अमुक तारखेपर्यंत आहे.' बस्स. फोनचा आग्रह मी मागे घेतो. आणि माझी एक प्रत नोंदवली आहे. यादीत गावाचे नाव सातारा लिहावे.

---

घाटपायथा

नोंदवले, सातारा. 'क्षमस्व' काढले, तारीख घातली. 'जमल्यास' मात्र ठेवत आहे.