मदत हवी आहे: घाटातल्या लोडसाठी नऊ गियरची मॅन्युअल घ्यावी की बारा गियरची एएमटी?

नमस्कार मंडळी,

जळगावात आमचा छोटा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. वडिलांनी एका दहा चाकी गाडीवर सुरू केला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. मुख्य काम न्हावा शेवाहून इथल्या डाळ मिलसाठी तूर, मसूर आणायचं. जाताना पीव्हीसी पाइप किंवा मिळेल तो माल. मधूनमधून इंदूरची फेरी. यंदा 55 टनी ट्रेलर काढायचा ठरलंय. बँकेचं काम होत आलंय, घोडं अडलंय ते गियरबॉक्सवर.

एकच मॉडेल दोन प्रकारांत मिळतंय. एकात नऊ गियरची नेहमीची मॅन्युअल, दुसऱ्यात बारा गियरची एएमटी, म्हणजे गियर आपोआप बदलतात, क्लचचं पेडलच नाही. एएमटीला पैसे जास्त पडतात, पण अडचण तेवढीच असती तर इथे लिहिलं नसतं. गाडी कोण चालवणार आणि रस्त्यात बसली तर कोण उघडणार, हे दोन प्रश्न सुटत नाहीयेत.

आधी ड्रायव्हरचं सांगतो. आमच्याकडे नाना आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे. साठीला आले. भरल्या गाडीत गियर बदलला तरी शेजारी बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळत नाही, असा हात. पण कसाऱ्याला जाम लागला की त्यांचे हाल बघवत नाहीत. चार फूट पुढे, थांब, परत चार फूट, आणि दर वेळी डावा पाय क्लचवर. इगतपुरीला गाडी बाजूला लावली की उतरून आधी गुडघा चोळतात. मागे एकदा एवढंच म्हणाले, "भाऊ, गुडघा आते ऐकत नही." त्यांना घरी बसवायचं माझ्या मनात नाही आणि त्यांच्याही नाही. नवी पोरं या लाइनला यायला तयार नाहीत. जी येतात ती हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून, गाडी धरून ठेवतात आणि क्लच प्लेट जाळून ठेवतात. 2025 पासून नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, त्याने थोडा फरक पडेल. पायाचं काय?

म्हणून एका शोरूमकडून एएमटीची भरलेली डेमो गाडी मागवली आणि पळासनेरच्या पुढे बिजासन घाट चढून बघितला. नाना स्टिअरिंगवर, मी बाजूला, मागे शोरूमचा मुलगा. सुरुवातीला दर वळणाला नानांचा डावा पाय उचलला जायचा आणि रिकाम्या जागेत खाली यायचा. थोड्या वेळाने तो पाय शांत झाला. सपाटीला तर गाडी लोण्यासारखी गेली. खरी गंमत चढावर. पुढे एक ओव्हरलोड गाडी कण्हत चाललेली, आम्ही तिच्या मागे. आमची गाडी पाचव्यात होती, चढ लागल्यावर चौथ्यात आली. जरा सपाट वाटलं की लगेच वर पाचव्यात, आणि तेवढ्यात पुढचा चढ. ओढ मेली, परत चौथा. प्रत्येक बदलाला क्षणभर ताकद तुटायची आणि 55 टन मागे ओढतंय हे पाठीला कळायचं. नाना म्हणाले, "याला पुढचा चढ दिसत नाही का?" शोरूमच्या मुलाकडे उत्तर नव्हतं, तो म्हणाला सगळं ऑटोमॅटिक आहे.

उताराची मला जास्त काळजी आहे. 4 जुलै 2023 ला याच पळासनेरला ब्रेक गेलेला कंटेनर हॉटेलात घुसला, कितीतरी माणसं गेली. इंदूरच्या फेरीला आम्ही त्याच रस्त्याने जातो. मॅन्युअलमध्ये नाना घाटाच्या डोक्यावरच गियर टाकतात आणि तळापर्यंत त्याच गियरवर उतरतात. एएमटीने उतारावर स्वतःच्या मनाने वरचा गियर टाकला तर?

आणि दुरुस्ती. कोंडाईबारीला किंवा राहुडच्या घाटात रात्री दोन वाजता गियर पडेना झाला तर आपला फिटर काय करणार? मॅन्युअलचा बॉक्स धुळ्यात, मालेगावात कुठेही उघडतो. ज्यांनी एएमटी भरल्या लोडवर चालवलीय किंवा उघडलीय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. सेल्सवाल्यांचे फोन भरपूर झालेत.

धुळेकर फिटर:

भाऊ, मी मोठ्या गाड्यांचे बॉक्स उघडतो, म्हणून आतलं सांगतो. एएमटी नावाला ऑटोमॅटिक. काही कार, बस, मोठे डंपर यांत टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा भाग) असलेली ऑटोमॅटिक येते, ती वेगळी. एएमटीत शाफ्ट, गियर, फोर्क, कोरडी क्लच प्लेट, सगळं तुमच्या ओळखीचंच आहे. क्लच दाबायचं आणि फोर्क सरकवायचं काम तेवढं हवेच्या दाबावरचे सिलिंडर करतात आणि कधी करायचं ते कंट्रोल युनिट ठरवतं. बारा गियर म्हणजे बारा जोड्या नसतात. मुख्य भागात तीन, प्रत्येकाचे दोन करणाऱ्या स्प्लिटरने सहा, मागच्या रेंजने (हलका-भारी अशा दोन टप्प्यांनी) त्याचे दुप्पट, म्हणजे बारा. बऱ्याच बॉक्समध्ये मुख्य भागात सिंक्रो रिंगच (गियर पडताना दोन्हीकडचा वेग जुळवणाऱ्या कड्या) नसतात, कारण आरपीएम युनिट स्वतः जुळवतं. झिजायला एक वस्तू कमी.

आता बिघाड. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत बॉक्सच्या आतला दोष कमी, हवेचा आणि विजेचा जास्त. एअर ड्रायरचा (हवेतलं पाणी काढणाऱ्या भागाचा) कार्ट्रिज वेळेवर बदलला नाही की पाणी आणि तेल वाल्व्हमध्ये जातं आणि गियर अडकतो. बॅटरी कमजोर असेल, अर्थिंग सैल असेल तरी तेच. त्यामुळे टाक्यांचं पाणी काढणं हे ड्रायव्हरचं रोजचं काम समजा. मॅन्युअलला आपण चालढकल करतो, इथे चालत नाही.

एक गोष्ट मात्र गाडी घेण्याआधी लेखी विचारा. क्लच प्लेट बदलली की नवी प्लेट कुठे पकडते हे युनिटला लॅपटॉप लावून शिकवावं लागतं. ते केलं नाही तर गाडी हिसके देते किंवा हलतच नाही. धुळे, जळगाव, नाशिक यापैकी कुठे तो लॅपटॉप आणि चालवणारा माणूस आहे, रात्री येतो का, याचं उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका. बाकी 2020 च्या एप्रिलला धुराच्या प्रदूषणाचा बीएस-सिक्स नियम आला तेव्हाही सगळे म्हणाले होते की धूर साफ करायचा युरिया आणि सेन्सर आपल्याला झेपणार नाहीत. आज हायवेवरच्या साध्या गॅरेजातही स्कॅनर दिसतो.

लाँगरूट:

मी सुरत–नागपूर एएमटी ट्रेलर चालवतो, कोंडाईबारी नेहमीचाच.

नाना बरोबर बोलले, तिला पुढचा चढ दिसत नाही. गाडी आता ज्या चढावर आहे तेवढंच तिला कळतं. युरोपात नकाशा बघून पुढच्या चढाआधीच गियर ठरवणाऱ्या गाड्या आहेत, डेमो गाडीत ते असतं तर ती अशी वागली नसती. पण यावर उपाय तुमच्या हातात आहे. घाट लागायच्या आधी लिव्हर मॅन्युअलवर घ्या आणि चौथा धरून ठेवा. ती वर जाणार नाही. शोरूमच्या मुलाने हे दाखवायला हवं होतं. पॉवर मोड असेल तर तोही लावा, त्यात ती गियर उशिरा वर टाकते.

उतारालाही तसंच. डोक्यावरच वेग कमी करा, गियर हाताने निवडा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग धरणारा) लावा, मग उतरा. वेग वाढल्यावर खालचा गियर मागितला तर युनिट देत नाही, कारण इंजिनाचे आरपीएम हाताबाहेर जातील. पण तेव्हा ती निदान आहे त्या गियरमध्ये राहते. मॅन्युअलमध्ये याच क्षणी घात होतो. माणूस उतारावर गियर काढतो, खालचा पडत नाही, वरचाही परत पडत नाही, आणि भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. मग सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर. ड्रम तापले की पेडल दाबून काही होत नाही.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणारे अजून आहेत. त्यांना कळकळीने सांगतो, गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की आजचं इंजिन डिझेल घेतच नाही. न्यूट्रलला मात्र चालू राहायला घेतं. म्हणजे जीवही धोक्यात आणि डिझेलही जास्त.

आणि जाममध्ये गाडी चढावर ॲक्सिलरेटरने धरून ठेवायची सवय एएमटीत आधी सोडा. पेडल नसलं तरी आत क्लच घसरतच असतो, प्लेट तापते, बझर वाजतो. ब्रेकवर उभे राहा, हिल होल्ड (चढावर गाडी मागे न जाऊ देणारी सोय) आहे, पुढच्याने चांगली जागा सोडल्यावरच हला.

पारोळेकर:

मी विरुद्ध बाजू मांडतो. आमच्याकडे दोन्ही आहेत. चांगल्या ड्रायव्हरच्या हातात मॅन्युअल आणि एएमटीच्या ॲव्हरेजमध्ये आम्हाला सांगण्यासारखा फरक दिसला नाही. फरक दिसतो तो कच्च्या ड्रायव्हरच्या हातात. त्यामुळे नानांसारखा माणूस असेल तर जास्तीचे पैसे डिझेलमधून निघतील असं धरून हप्ता बसवू नका. शिवाय जुनी गाडी विकायला काढली की मालेगावचे घेणारे अजून मॅन्युअलच विचारतात.

सावद्याचा केळीवाला:

नानांच्या गुडघ्याबद्दल एक. सध्याच्या गाडीचा क्लच बूस्टर तपासलात का? मोठ्या गाडीत पेडलला हवेची मदत असते, तो बूस्टर गळायला लागला की पेडल हळूहळू जड होत जातं आणि रोज चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आमच्या केळीच्या गाडीवरच्या ड्रायव्हरचा पाय असाच दुखायचा. बूस्टर बदलला, पेडलचा जडपणा अर्ध्यावर आला. नवी गाडी येईल तेव्हा येईल, हे या आठवड्यात करून टाका.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. बूस्टरचं डोक्यातच आलं नव्हतं, गाडी परवा परत येतेय, आल्या आल्या बघतो.

पारोळेकर भाऊ, ॲव्हरेजचा हिशेब मी तसाही धरला नव्हता. नाना अजून चार वर्षं बिनदुखण्याने चालवणार असतील आणि त्यांच्या शेजारी बसून एखादा पोरगा घाट शिकणार असेल, तर जास्तीचे पैसे मला जड नाहीत. विकतानाचं नुकसान मात्र धरून चालतो, ते तुम्ही बरोबर सांगितलंत.

सध्या माझा कल एएमटीकडे आहे, पण दोन अटींवर. क्लच शिकवायचा लॅपटॉप जवळच्या कोणत्या वर्कशॉपला आहे आणि रात्री माणूस येतो का, हे शोरूमने लेखी द्यावं. आणि दुसरी ट्रायल भरल्या गाडीवर चांदवडकडून राहुडचा घाट उतरत व्हावी, लाँगरूट दादांनी सांगितलं तसा गियर हाताने धरून. नाना तयार आहेत.

ज्यांची बारा गियरची एएमटी दोन-तीन वर्षं तरी भरल्या लोडवर चाललीय, त्यांनी पहिली क्लच प्लेट किती किलोमीटरला बदलली ते रूट आणि मालासकट लिहा. नुसता आकडा नको, कसारा किंवा बिजासनसारखा घाट रूटमध्ये आहे की नाही हेही सांगा.