केरळच्या खोंडालाइटमध्ये बायोटाइट तुरळक का?

प्रश्न: दक्षिण केरळच्या खोंडालाइट (तीव्र उष्णता व दाबाने रूपांतरित झालेल्या गाळाच्या) खडकांत गार्नेट हे खनिज मुबलक, पण बायोटाइट (काळे अभ्रक) तुरळक असते, याचा आंशिक वितळण्याशी, म्हणजे खडकाचा काही भागच वितळण्याशी, संबंध आहे का?

प्रतिसाद १: होय. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला बायोटाइट, सिलिमनाइट (ॲल्युमिनियमयुक्त सिलिकेट खनिज) आणि क्वार्ट्झ यांच्या अभिक्रियेतून गार्नेट, पोटॅश फेल्डस्पार आणि ग्रॅनाइटसदृश शिलारस तयार होतो. बायोटाइटमधील पाणी त्या रसात जाते आणि रस निसटला की उरलेला खडक कोरडा राहतो.

प्रतिसाद २: हे निसटणेच निर्णायक आहे, कारण रस जागीच राहिला असता तर थंड होताना गार्नेटशी उलट अभिक्रिया होऊन बायोटाइट पुन्हा घडले असते. अशा उलट अभिक्रियेच्या खुणांसाठी गार्नेटच्या कडा अवश्य तपासाव्यात.

प्रतिसाद ३: गार्नेटचा गाभाही पाहावा. याच खडकांतील गार्नेटमध्ये अडकलेले मूळ रसाचे अतिसूक्ष्म थेंब, काही काचरूप तर काही स्फटिकीभूत, २००९ मध्ये वर्णिले गेले आहेत.