लहानपणी कॅन्सर बरा झाला, फाईल महापुरात गेली. आता कोणत्या तपासण्या कराव्यात?

कृष्णाकाठची

नमस्कार. 2002 साली मी अकरा वर्षांची असताना माझ्या मानेच्या डाव्या बाजूला गाठी आल्या. सुरुवातीचे चार महिने गंडमाळ समजून क्षयाची औषधे झाली. मग गाठीचा तुकडा काढून तपासल्यावर तो हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, असल्याचे कळले आणि मुंबईला उपचार सुरू झाले. दर पंधरा दिवसांनी आई मला महालक्ष्मी एक्स्प्रेसने घेऊन जात असे. शिरेतून देण्याच्या औषधांपैकी एक लालभडक होते. ते दिल्यावर लघवीही लाल होई, आणि वॉर्डातली आम्ही सगळी मुले त्याला ‘लाल औषध’ म्हणत असू. केमो संपल्यावर मानेला आणि छातीला शेक, म्हणजे रेडिएशन, दिला. त्या वेळी खुणेसाठी गोंदलेले मोहरीएवढे तीन निळे ठिपके माझ्या छातीवर अजून आहेत.

पाच वर्षे तपासण्या झाल्या, आजार परतला नाही, आणि शेवटच्या तपासणीनंतर बाबांनी गल्लीत पेढे वाटले. त्यानंतर आम्ही तो विषय घरात काढलाच नाही. आता मी चौतीस वर्षांची आहे, लग्नाला तीन वर्षे झाली आहेत आणि आम्हाला मूल हवे आहे. येथील स्त्रीरोगतज्ज्ञांना मी हे सगळे सांगितले, तेव्हा ‘एवढ्या जुन्या गोष्टीचा आता काय संबंध’ असे म्हणून त्यांनी ते केसपेपरवर लिहूनही घेतले नाही. मला मात्र तेव्हापासून चैन पडेनासे झाले आहे.

अडचण अशी की माझी फाईल 2019 च्या महापुरात गेली. सांगलीतल्या आमच्या घरात पाच दिवस पाणी होते. ट्रंक उघडली तेव्हा पाने एकमेकांना चिकटून लगदा झाला होता आणि शाई पसरून निळा डाग तेवढा उरला होता. अशा स्थितीत मी कोणत्या तपासण्या कराव्यात, कोणाकडे जावे, आणि गर्भारपणात मला काही धोका आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आई_सोलापूर

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, परंतु तो वाचून मी दचकले. माझ्या मुलाच्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार येत्या डिसेंबरात संपतील. आमच्याकडेही आज सगळे कागद एकाच पिशवीत आहेत. उपचार संपताना नेमके कोणते कागद मागून घ्यावेत, हेही कोणी जाणकार सांगतील तर उपकार होतील.

बालरुग्णतज्ज्ञ_नाशिक

मी कॅन्सर झालेल्या मुलांवर उपचार करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पाच वर्षांच्या हिशोबाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. आजार परत उलटण्याची शक्यता पाच वर्षांनंतर फार कमी होते, एवढाच त्याचा अर्थ असतो. औषधांनी आणि रेडिएशनने वाढत्या शरीरावर जो परिणाम केलेला असतो, तो पुष्कळदा दहा, वीस, तीस वर्षांनी दिसू लागतो, आणि तो कोणता असेल हे आजाराच्या नावापेक्षा औषध कोणते होते, त्याची एकूण मात्रा किती झाली, शेक नेमका कुठे दिला आणि त्या वेळी मुलाचे वय काय होते, यावर ठरते. म्हणून जुन्या उपचारांचा आत्ताशी काही संबंध नाही, हे आपल्याला मिळालेले उत्तर चुकीचे आहे. आपली अस्वस्थता रास्त आहे.

आपण ज्याला लाल औषध म्हणता ते बहुधा डॉक्सोरुबिसिन, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत अॅड्रियामायसिन. ते हृदयाच्या स्नायूपेशींना इजा करते आणि या पेशी पुन्हा फारशा तयार होत नाहीत. अकरा वर्षांच्या मुलीचे हृदय पुढे वाढते, पण कमी पेशींच्या भांडवलावर. वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. गर्भारपणात मात्र शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते आणि तो भार त्याच हृदयाला ओढायचा असतो. एकूण मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे 250 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक झाली असेल, तर धोका जास्त मानतात आणि दर दोन वर्षांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करण्यास सांगतात. छातीला शेक झालेला असेल तर हा धोका आणखी वाढतो.

आता आपल्या आठवणीचा उपयोग करू. हॉजकिनसाठी एबीव्हीडी नावाची चार औषधांची पद्धत फार वापरली जाते. त्यात अॅड्रियामायसिन दर पंधरा दिवसांनी, प्रत्येक वेळी चौरस मीटरला 25 मिलिग्रॅम देतात. मुंबईच्या किती खेपा झाल्या हे आईंना आठवत असेल, तर त्या संख्येला 25 ने गुणा, अंदाज येईल. त्यांना आणखी एक गोष्ट आवर्जून विचारा: प्रत्येक फेरीत एक-दोन आठवडे घरी घेण्याच्या कॅप्सूल आणि स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या का? मुलांमध्ये प्रोकार्बाझिन असलेली दुसरी पद्धतही वापरतात. तिचा परिणाम बीजांडकोशांवर अधिक होतो आणि पाळी लवकर जाण्याची शक्यता वाढते. केवळ एबीव्हीडी असेल तर त्या बाबतीत धोका बराच कमी आहे.

हा झाला अंदाज. खरा कागद मिळवण्याचा प्रयत्न सोडू नका. मोठ्या रुग्णालयांचे अभिलेख विभाग जुन्या नोंदी जपून ठेवतात. केस नंबर आठवत असेल तर उत्तम, नसेल तर नाव, उपचाराचे वर्ष आणि त्या वेळचा पत्ता देऊन अर्ज करा.

ते तीन ठिपके हाही एक कागदच आहे. शेक देताना दररोज त्याच जागी किरण पडावेत म्हणून ते गोंदलेले असतात. तपासताना ते डॉक्टरांना स्वतःहून दाखवा. छातीवर किरण पडलेल्या मुलींमध्ये पुढे स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा पुष्कळ अधिक असते, आणि तो कमी वयात होऊ शकतो. त्यामुळे वयाच्या 25 व्या वर्षापासून किंवा रेडिएशननंतर 8 वर्षांनी, यातले जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि स्तनांचा एमआरआय करावा असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आपण या बाबतीत नऊ वर्षे उशिरा आहात. घाबरून जाऊ नका, पण दिवस राहण्याआधीच ही तपासणी उरकून घ्या, कारण गर्भारपणात ती करणे अवघड होते. मानेला शेक झालेला असल्याने टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारी रक्तचाचणी) दरवर्षी तपासले पाहिजे. थायरॉइड मंदावलेला राहिला तर बाळाच्या वाढीवरही परिणाम होतो. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांकडे आपण समवयस्क मैत्रिणींपेक्षा अधिक काटेकोरपणे पाहावे, कारण अॅड्रियामायसिन घेतलेल्या हृदयाला वाढलेला रक्तदाब दुपटीने नडतो. एबीव्हीडीमधील ब्लिओमायसिन फुप्फुसांना बाधू शकते. सिझेरियन किंवा कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना हे नाव सांगायला विसरू नका.

धोका किती, हे आकड्यांवरून पाहू. अमेरिकेत 1970 ते 1986 या काळात निदान झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यातील 10,397 जणांची माहिती 2006 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा 62.3 टक्के जणांना किमान एक जुनाट विकार होता आणि 27.5 टक्क्यांचा विकार गंभीर किंवा जिवावरचा होता. त्या काळी शेक जास्त दिला जाई. पुढे तो कमी झाला, आणि त्याच अभ्यासातील 1990 च्या दशकातील मुलांमध्ये उशिराने होणारे मृत्यूही कमी झालेले दिसले. म्हणून हे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावून घेऊ नका. वेळेवर इको झाला तर हृदय थकल्याचे लक्षणे दिसण्याआधी कळते आणि गोळ्या सुरू करता येतात, आणि हीच माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

बाळाबद्दल: आईने लहानपणी केमो घेतली म्हणून बाळात व्यंग किंवा कॅन्सर वाढल्याचे दिसलेले नाही. रेटिनोब्लास्टोमासारख्या (डोळ्याचा कॅन्सर) आनुवंशिक प्रकारांची गोष्ट वेगळी; आपला आजार त्यात येत नाही.

सोलापूरच्या ताईंसाठी: निदानाचा रिपोर्ट, वापरलेल्या प्रोटोकॉलचे (उपचारपद्धतीचे) नाव, प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, डोक्याला शेक झाला असल्यास त्याची मात्रा, रक्त चढवल्याच्या तारखा आणि झालेल्या शस्त्रक्रिया, हे सर्व एका पानावर डॉक्टरांच्या सहीने मागून घ्या. त्या पानाचा फोटो काढून घरातल्या तिघांच्या फोनमध्ये ठेवा.

परळचा_जुना_पेशंट

डॉक्टरांनी लिहिले त्यात मी माझा अनुभव जोडतो. मला 1987 साली, सातव्या वर्षी, रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि परळच्या टाटा मेमोरियलमध्ये मी बरा झालो. तेथे 1991 पासून उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी एसीटी (आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी) क्लिनिक चालते. उपचार संपून दोन वर्षे झालेल्यांना तेथे घेतात, आणि आज तेथे मुले आणण्याच्या वयाची माणसे स्वतः तपासायला येतात. ताई, तुम्ही तेथे किंवा जेथे उपचार झाले तेथील अशाच विभागात जावे. इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ नावाचा आम्हा बरे झालेल्यांचा गटही आहे. मी तेथे प्रथम गेलो तेव्हा माझ्यासारखीच पन्नासएक माणसे एका खोलीत पाहून मला बोलता आले नाही.

माझ्या डोक्याला शेक दिला होता. शाळेत पाढे पाठ होत नसत आणि मास्तर मला आळशी समजत. घरचेही तसेच समजत, आणि खरे सांगायचे तर मीही. किरणांमुळे लक्ष आणि स्मरण मंदावू शकते हे मला छत्तिसाव्या वर्षी कळले. ते आधी कळले असते तर अभ्यास सुटला नसता, याचे वाईट मला आजही वाटते. आता बहुतेक मुलांना डोक्याचा शेक देत नाहीत, हे ऐकून बरे वाटते.

दुसरी गोष्ट रक्ताची. आमच्या काळात चढवलेल्या रक्ताची हेपेटायटिस-सी या यकृताला बाधणाऱ्या विषाणूसाठी तपासणी होत नसे. मला 2018 मध्ये तो असल्याचे आढळले, यकृत थोडे कडक झाले होते, परंतु बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी विषाणू पूर्ण गेला. राष्ट्रीय कार्यक्रमातून या गोळ्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. नव्वदच्या दशकात किंवा त्याआधी ज्यांना रक्त चढले असेल, त्यांनी बी आणि सी या दोन्ही तपासण्या एकदा तरी कराव्यात.

आरोग्य विम्याच्या अर्जात आजार लपवू नका. 2024 च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ कमाल 36 महिने आहे, आणि सलग 60 महिने पॉलिसी चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दिली नाही म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. लपवलेले पुढे निघाले तर मात्र नेमक्या गरजेच्या दिवशी हात रिकामे राहतात.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

आईला खेपांची संख्या विचारली तेव्हा ती क्षणभरही न थांबता ‘बारा’ म्हणाली. मग मी सहज केस नंबर विचारला, तर तिने तोही पाढा म्हणावा तसा सांगितला. तेवीस वर्षे तो तिच्या ओठांवर होता आणि मी कधी विचारलेच नव्हते. घरी घेण्याच्या कॅप्सूल नव्हत्या. उलटी थांबवण्याच्या गोळ्या तेवढ्या होत्या, असे ती ठामपणे म्हणते.

त्या नंबरावर अभिलेख विभागाला नोंद सापडली. एबीव्हीडीच्या सहा फेऱ्या (प्रत्येक फेरीत दोन खेपा), अॅड्रियामायसिनची एकूण मात्रा चौरस मीटरला 300 मिलिग्रॅम, मान आणि छातीला 25 ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक). आईच्या बारा खेपांचा गुणाकार तंतोतंत जुळला.

इको झाला. हृदयाची आकुंचनाची ताकद 54 टक्के आली. हृदयरोगतज्ज्ञांच्या मते ती स्वीकारार्ह, परंतु खालच्या काठाला आहे, आणि दिवस राहिल्यास पहिल्या तीन महिन्यांत व पुढे शेवटच्या टप्प्यात पुन्हा इको करायचा आहे. टीएसएच वाढलेले निघाल्याने रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली आहे. मॅमोग्राफी स्वच्छ आली. एमआरआयची तारीख पुढच्या गुरुवारची आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ मी बदलले. नव्या डॉक्टरांनी उपचारांचे ते एक पान दोनदा वाचले, त्याची झेरॉक्स काढून केसपेपरला टाचली, आणि ‘ठिपके दाखवा’ असे त्याच म्हणाल्या.