हवाईचं राजघराणं : खालसा, विलीन की आणखी काही?

प्रश्न : 'कामेहामेहा घराणं १८९३ साली खालसा झालं' हे वाक्य चालेल का?

प्रतिसाद : नाही. खालसा होतं ते संस्थान, वतन, जहागीर. घराणं बुडतं किंवा निर्वंश होतं. शिवाय कामेहामेहा राजांची मालिका १८७२ सालीच आटोपली. पहिल्या कामेहामेहाने १८१० पर्यंत सगळी बेटं एका छत्राखाली आणली. पाचवा ११ डिसेंबर १८७२ ला अविवाहितच वारला. मरता मरता त्याने त्याच घराण्यातल्या बर्निस पावाहीला गादी देऊ केली, तर बाईंनी चक्क नको म्हटलं! मग विधिमंडळाने लुनालिलोला निवडलं. तो तेरा महिन्यांत गेला आणि १८७४ साली कालाकाउआ निवडून आला. १८९३ साली गादी गेली ती त्याच्या बहिणीची, लिलिउओकलानीची.

प्रतिसाद : पण ती पावाहीच्या आईवडिलांची दत्तक मुलगी ना? मग कामेहामेहांचीच झाली की.

प्रतिसाद : 'दत्तक'ने घोळ होतो. तिकडे 'हानाई' म्हणजे मूल दुसऱ्या घरी वाढवायला देणं. आपल्याकडे दत्तकविधान झालं की मुलाचं गोत्र बदलतं, जन्मघरचा वारसाहक्क सुटतो. हानाईत जन्मघराशी नातं तुटत नाही. लिलिउओकलानी वाढली पावाहीच्या आईवडिलांकडे, म्हणजे पाकी आणि कोनिया यांच्याकडे, पण १८९१ साली गादीवर आली सख्ख्या भावामागून. मी 'सांभाळलेली मुलगी' लिहीन. 'मानसकन्या' नको, फार नाटकी वाटतं.

प्रश्न : बरं, मग १८९८ साली अमेरिकेने घेतलं ते राज्य 'खालसा' की 'विलीन'?

प्रतिसाद : 'खालसा' म्हटलं की आपल्याला सातारा आठवतो, औरस वारस नसल्याची सबब आठवते. इथे वारस होती, राजकन्या कैउलानी, चांगली जिवंत. 'विलीन'मध्ये राजीखुशीचा वास येतो, आणि १८९७ साली एकवीस हजारांवर लोकांनी विरोधाच्या अर्जांवर सह्या केल्या होत्या. सरळ 'अमेरिकेने आपल्या राज्यात सामील करून घेतलं' लिहा.

प्रतिसाद : आणि १८९३ साठी 'राणीने गादी सोडली' असंही नको. राणीची सत्ता उलथवणाऱ्या बंडवाल्यांच्या पाठीशी 'बोस्टन' जहाजावरचे अमेरिकी सैनिक होनोलुलूत उतरलेले होते. १७ जानेवारीला तिने निषेध नोंदवून अधिकार सोडला, तोही बंडवाल्यांकडे नव्हे, अमेरिकी सरकारकडे, आणि ते सरकार आपल्याला पुन्हा गादीवर बसवेपर्यंतच. 'पदच्युत केलं' हेच बरोबर.