रोज सोलापूरच्या कंबर तलावावर चालते, तरी काटा हलेना. मेटाबॉलिझम बिघडलंय का?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार. वय 44, उंची 5 फूट 2 इंच, वजन 92 किलो. दिवाळीनंतर रोज पहाटे कंबर तलावावर तासभर चालते. सुरुवातीला तीन किलो उतरले, संक्रांतीपासून काटा तिथंच अडकलाय. जेवण नेहमीचंच: कडक भाकरी, आमटी, शेंगाचटणी, दही. तळलेलं बंद केलंय. थायरॉईड नॉर्मल, पण उपाशीपोटी साखर 112 आली. आईचा पाय साखरेनंच गेला, त्यामुळे मनात धास्ती आहे. घरचे म्हणतात, तुझं मेटाबॉलिझमच मंद, चालून काय उपयोग? चालणं सोडून दुसरं काही करू का?

फिजिओ_सातरस्ता:
ताई, चालणं अजिबात सोडू नका. आणि तुमचं मेटाबॉलिझम मंद नाही. वजन जास्त असलेल्या माणसाचं शरीर नुसतं बसूनही बारीक माणसापेक्षा जास्तच ऊर्जा जाळतं, कारण चालवायचं शरीरच मोठं असतं.

मग काटा का अडला? तुमच्या वजनाला तासभर साध्या चालीनं जास्तीचे साधारण 200 किलोकॅलरी खर्च होतात. 35 ग्रॅम शेंगदाण्यात तेवढेच असतात, म्हणजे भाकरीवर सढळ हातानं घेतलेली चटणी. त्यात शरीर हिशेब जुळवून घेतं: भूक वाढते, दिवसभरातली बाकीची हालचाल नकळत कमी होते. टांझानियातले हाड्झा लोक शिकार आणि कंदमुळांसाठी रोज मैलोन्‌मैल हिंडतात. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँटझर यांच्या गटानं 2012 मध्ये दाखवलं, की शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च शहरी अमेरिकन माणसाइतकाच भरतो. शिवाय वजन उतरलं की शरीराची गरजही थोडी घटते. म्हणून नुसत्या व्यायामानं काटा फार खाली येत नाही. तो मुख्यतः ताटातून उतरतो.

पण तुम्हाला खरी भीती साखरेची आहे ना? मग चालण्याचं मोल तिथंच आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, आणि त्याचा फायदा पुढे एक-दोन दिवस टिकतो. म्हणून सलग दोन दिवस खाडा नको. यकृतातली आणि पोटातली चरबीही व्यायामानं घटते, कधी कधी वजन जराही न हलता. काट्याऐवजी टेपनं कंबर मोजा. आपल्याकडे बायकांसाठी 80 सेंटिमीटरच्या वर धोका धरतात. आकडा त्याच्या बराच वर असला तरी घाबरू नका, तो घटतोय का तेवढं बघा.

मागवाला:
ताई, आमचंच बघा की. पाळीभर मागावर उभा, टॉवेलचा धागा तुटला की पळ. पाय थांबतच नाहीत, तरी पोट सुटलेलंच होतं. रात्रपाळीला सहा-सात कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चहा बिनसाखरेचा केला तसं हळूहळू उतरलं. पयले आठ दिवस लै जड जातं, मग सवय होती.

फिजिओ_सातरस्ता:
दादांचा मुद्दा पक्का आहे. सहा कपांची 60 ग्रॅम साखर म्हणजे 240 किलोकॅलरी, तुमच्या सकाळच्या फेरीपेक्षा जास्त.

जुळेसोलापूरकर:
चहा माझाही गोडच असतो, तीन वेळा. पण दोन गोष्टी: उजवा गुडघा दुखतो, आणि आता ऊन सुरू झालं, सातला सुद्धा घाम फुटतो. खुर्चीवरचे व्यायाम चालतील का? आणि शेंगाचटणी सोडायला सांगू नका.

फिजिओ_सातरस्ता:
चटणी का सोडायची? वाटीतून घेऊ नका, चमच्यानं घ्या, सपाट एक. दही ठेवा, मटकी-हुलगा वाढवा. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झडतो. तो राखायला प्रथिनं लागतात आणि ताकदीचे व्यायामही. इथंच बहुतेकजणी चुकतात, नुसतं चालत राहतात.

गुडघ्याचं म्हणाल तर एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. तुमचे तीन किलो त्याला नक्की जाणवले असणार. खुर्चीचे व्यायाम चालतील, उलट हवेतच. हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, दहा वेळा. गुडघा कुरकुरला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. भिंतीला हात लावून दंड. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन वर-खाली. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

उन्हाळ्यात तलावावर साडेपाचला जा, नाहीतर तासाचे तुकडे करा: प्रत्येक जेवणानंतर घरातच पंधरा मिनिटं. जेवणानंतर वर चढणारी साखर त्यानं चांगली आटोक्यात राहते.

आणि घरच्यांना हे सांगा. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं. त्यांचं बसल्या जागचं मेटाबॉलिझम अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 किलोकॅलरींनी खाली होतं, बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. तरीही ज्यांनी उतरलेलं वजन राखलं, ते बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त हालचाल करत होते. म्हणजे चालणं वाया जात नाही.

तीन महिन्यांनी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) करा, आणि गुडघा सुजला किंवा चालताना छातीत दाटलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा.